पाहुणे पंधरा, तळण एकच

कोजागरीपासून ३१ डिसेंबरपर्यंत घरोघरी माणसे जमतात. यंदा पत्रे आली ती जेवणाबद्दल कमी आणि त्याआधीच्या चटकमटक खाण्याबद्दल व गोडाबद्दल जास्त. त्यांतली काही पत्रे आणि उत्तरे इथे देत आहोत. मापे अशी धरा: वाटी २०० मिली, मोठा चमचा १५ मिली, लहान चमचा ५ मिली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माहेरची आणि सासरची मिळून १५ माणसे संध्याकाळी येणार आहेत. जेवण नाही, फक्त खाणे आणि गोड. किती पदार्थ करावेत? दरवेळी सगळे गप्पा मारत असतात आणि मी कढईपाशी असते. (वाचक, सातारा)

पदार्थ ठरवताना चवीच्याही आधी एक गोष्ट बघा: पाहुणे दारात येण्याआधी या पदार्थाचे काम किती संपते? पाच पदार्थ पुष्कळ झाले. एक कोरडा, आठवडाभर आधी होणारा, एक आदल्या दिवशी उकडून ठेवता येणारा, एक गार खायचा, एक गोड, आणि गरमागरम तळून वाढायचा फक्त एक. तळणाचे दोन पदार्थ ठेवले की पहिल्याचा चुरा तेलात जळतो, तो दुसऱ्याला चिकटतो, मधेच तेल गाळावे लागते आणि तुम्ही बाहेर येऊ शकत नाही ते नाहीच.

जेवण नसेल तर सगळे पदार्थ मिळून माणशी ८ ते १० लहान तुकडे लागतात. मागाहून जेवण असेल तर ४ ते ५ पुरतात. तुमच्या १५ जणांसाठी ४० कोथिंबीर वड्या, सँडविचचे ४० तिकोनी तुकडे, ३० ते ३५ साबुदाणा वडे आणि अर्धा किलो कुरमुऱ्यांचे भडंग करा. भडंग उरेल, पण ते टिकते. गोड माणशी १०० ग्रॅम धरा. दिवाळीचा फराळ खाऊन झालेल्या माणसांना गोड कमी आणि आंबट-तिखट जास्त लागते, म्हणून गोडाचे दोन प्रकार करू नका. त्याऐवजी चटणी जास्त करा, दोन वाट्या तरी.

कोथिंबीर वडी तळताना फुटते. बेसन वाढवले तर वडी घट्ट होते आणि कोथिंबिरीची चवच लागत नाही. (वाचक, कोल्हापूर)

बेसन वाढवून हे सुटणार नाही, कारण बहुतेक वेळा दोष पाण्यात असतो. कोथिंबीर चिरल्यावर धुतली की पाने पाणी धरून ठेवतात. ती आधी धुवा, कापडावर पसरून दोन तास सुकवा आणि मगच चिरा. कोवळ्या काड्या फेकू नका, वास त्यांतच जास्त असतो.

हलक्या हाताने दाबून भरलेली ४ वाट्या कोथिंबीर घ्या. तिला दीड लहान चमचा मीठ, २ लहान चमचे आले-लसूण-मिरचीचे वाटण, १ चमचा धने-जिरेपूड, हळद, २ मोठे चमचे तीळ आणि अर्ध्या लिंबाचा रस चोळून १० मिनिटे ठेवा. मिठाने कोथिंबिरीला पाणी सुटते आणि तेवढ्यावरच पीठ बरेचसे भिजते. आता २ वाट्या बेसन, पाव वाटी तांदळाचे पीठ आणि २ मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन घाला. वरून पाणी लागलेच तर चमच्याचमच्याने, एकदम ओतायचे नाही. हाताला किंचित चिकटणारा, पण वळता येणारा गोळा झाला पाहिजे.

दीड ते दोन इंच जाडीचे लांबट उंडे करा आणि तेल लावलेल्या चाळणीत २० मिनिटे वाफवा. सुरी खुपसून बघा, कोरडी बाहेर आली पाहिजे. यानंतरची पायरी बरेच जण गाळतात: उंडे पूर्ण गार होऊ द्या. बेसन गरम असताना मऊ असते, गार होताना ते आवळते, आणि त्यानंतरच सुरीखाली वडीची कड स्वच्छ निघते. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले तर सर्वांत उत्तम. दुसऱ्या दिवशी बोटाएवढ्या जाड वड्या कापा आणि पसरट तव्यावर तेल सोडून, मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी परता. तव्यात टाकल्याबरोबर उलटू नका, खालची बाजू खरपूस झाली की ती आपोआप सुटते.

पाहुण्यांच्या आधी तासभर परतून ठेवायच्या असतील तर किंचित फिक्या ठेवा आणि वाढताना २०० अंश तापलेल्या ओव्हनमध्ये ८ मिनिटे घाला. मायक्रोवेव्हमध्ये नको, त्यात वडी वातड होते. एखादा उंडा मोडलाच तर त्याचा चुरा मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत परता, वर ओले खोबरे घाला. तोही चांगला लागतो.

सुरळीच्या वड्या ताटाला चिकटून बसतात, नाहीतर पसरायच्या आतच गोळा होतो. (वाचक, ठाणे)

चिकटते ते कमी शिजलेले आणि गोळा होते ते जास्त शिजलेले. मधला टप्पा एखाद-दोन मिनिटांचाच असतो, म्हणून तो चाचणी घेऊनच पकडायचा.

१ वाटी बेसनाला १ वाटी आंबट दही आणि २ वाट्या पाणी. दही गोड असेल तर वडी बेचव लागते. हळद, हिंग, मीठ, थोडे आले-मिरचीचे वाटण घालून सगळे घुसळा आणि गाळून घ्या. जाड बुडाच्या कढईत, मध्यमपेक्षा कमी आचेवर, हात न थांबवता ८ ते १० मिनिटे ढवळा. मिश्रण चकचकीत दिसू लागले की एक चमचा ताटाच्या मागच्या बाजूला पातळ फासा आणि मिनिटभर थांबा. कड उचलून गुंडाळी होत असेल तर गॅस लगेच बंद करा. होत नसेल तर आणखी मिनिटभर ढवळून पुन्हा बघा.

ताटे किंवा ओट्याची स्वच्छ दगडी जागा आधीच तयार ठेवा. तेलाचा हात लावायची गरज नसते. नीट शिजलेले पीठ कोरड्या ताटावरूनही सुटते आणि तेलकट ताटावर ते नीट पसरत नाही, सरकते. एका माणसाने ओतायचे आणि दुसऱ्याने पसरायचे असे केले तर सगळे मिश्रण गरम असतानाच संपते. ढवळणे नको असेल तर हेच मिश्रण डब्यात झाकून कुकरमध्ये चार शिट्ट्या करा आणि बाहेर काढल्याबरोबर रवीने जोरात घुसळा. गुठळ्या मोडतात आणि चाचणी वरच्यासारखीच घ्यायची.

फोडणी वाढायच्या अर्धा तास आधी घाला. सकाळी घातली तर खोबरे आंबूस होऊ लागते.

साबुदाणा वडा तेलात फुटला आणि तेल हातावर उडाले. तेव्हापासून भीती वाटते. (वाचक, नाशिक)

भीती रास्त आहे, वडा जोरात फुटू शकतो. आत कोंडलेल्या पाण्याची वाफ होते, बाहेरचे कवच तोवर कडक झालेले असते आणि वाफेला वाट मिळत नाही. म्हणून दोन गोष्टी सांभाळा: आत पाणी जास्त नको आणि वडा जाड नको.

१ वाटी साबुदाणा दोन-तीनदा धुवून सगळे पाणी काढा. मग साबुदाण्याच्या पातळीपर्यंतच पाणी ठेवून ५ तास झाका. दाणा दोन बोटांत दाबल्यावर पूर्ण चुरडला पाहिजे. मधे टणक कणी राहिली तर पाण्याचा हबका मारून आणखी अर्धा तास ठेवा. अर्धवट भिजलेला दाणाही तेलात तडतडून उडतो. खाली पाणी साचलेले दिसले तर साबुदाणा चाळणीत निथळत ठेवा.

बटाटे २ मध्यम, उकडून पूर्ण गार केलेले, किसून. गरम बटाटा वाफ धरून ठेवतो आणि चिकटही होतो. दाण्याचे कूट अर्धी वाटी, जाडसर. मिरची, जिरे, मीठ आणि लिंबू वळण्याच्या अगदी आधी घाला, कारण मिठाने पाणी सुटते. वडे अर्ध्या इंचापेक्षा जाड नकोत आणि कडा चिरलेल्या नकोत. मधे बोटाने खळगा पाडलात तर आतपर्यंत लवकर शिजतात.

तेल मध्यम तापलेले हवे: पिठाचा कण टाकल्यावर दोन-तीन सेकंदांनी वर आला पाहिजे. फार गरम तेलात कवच लगेच बनते आणि धोका तिथेच वाढतो. फार गार तेलात वडा तेल पितो आणि विस्कटतो. एका वेळी ४ किंवा ५, पहिले दीड मिनिट हलवायचे नाहीत. झारा लांब दांड्याचा घ्या. लहान मुले ओट्याजवळ असतील तर हेच मिश्रण आप्पेपात्रात, प्रत्येक खळग्यात लहान चमचाभर तेल सोडून करा. चव थोडी वेगळी लागते, कुरकुरीतपणा मात्र चांगला येतो. या मापात १४ ते १६ वडे होतात. १५ जणांसाठी दुप्पट घ्या आणि वडे वळून, झाकून, फ्रीजमध्ये दोन-तीन तास आधी ठेवा.

सँडविच आधी करून ठेवले की ओले होते आणि चटणी काळी पडते. (वाचक, मुंबई)

पावाच्या दोन्ही कापांना कडेपर्यंत लोणी लावा, चटणी त्या लोण्यावर. लोण्याचा थर पाणी अडवतो. काकडीच्या चकत्यांना मीठ लावून १० मिनिटांनी पुसून घ्या, टोमॅटोच्या बिया काढा, बीट आणि बटाटा उकडून पूर्ण गार करूनच वापरा. सँडविच भरताना भाज्यांवर आणखी मीठ भुरभुरू नका, ते चटणीतच असू द्या.

चटणी काळी पडते ती मिक्सरच्या उष्णतेने आणि हवेने. २ वाट्या कोथिंबीर, अर्धी वाटी पुदिना, ४ मिरच्या, २ मोठे चमचे डाळे, एका लिंबाचा रस, मीठ, थोडी साखर आणि पाण्याऐवजी ३-४ बर्फाचे खडे घालून थांबत थांबत फिरवा. डाळ्यामुळे पाणी वेगळे होत नाही. पुदिना जास्त झाला तर रंग लवकर काळवंडतो आणि चवही कडवट होते. तयार सँडविचवर ओला करून घट्ट पिळलेला पंचा टाका. अशी फ्रीजमध्ये तीन तास चांगली राहतात. कापायची मात्र वाढतानाच.

भडंग दुसऱ्याच दिवशी सादळते. (वाचक, पुणे)

कुरमुरे आधी वाळवलेले नसतात, किंवा भडंग गरम असतानाच डब्यात जाते आणि झाकणाखाली वाफ धरते. अर्धा किलो कुरमुरे कडक उन्हात दोन तास, नाहीतर कढईत मंद आचेवर थोडे थोडे करून ५ मिनिटे भाजा. चिमटीत दाबल्यावर चुरा झाला पाहिजे.

पाऊण वाटी तेलात २०० ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर तळून काढा. त्याच तेलात २० ते २५ ठेचलेल्या लसूण पाकळ्या सालासकट, लाल आणि कोरड्या होईपर्यंत. लसणात ओल राहिली की सगळे भडंग सादळते, हे तिसरे कारण. मग कढीपत्ता, गॅस बंद, तेल किंचित निवल्यावर हळद, ३ लहान चमचे तिखट, मीठ, २ मोठे चमचे मेतकूट, २ लहान चमचे पिठीसाखर. तिखट उकळत्या तेलात पडले तर करपते आणि रंग तपकिरी येतो. कुरमुरे घालून मंद आचेवर ५ मिनिटे हलवा, परातीत पसरून पूर्ण गार करा. कांदा, कोथिंबीर आणि लिंबू ज्याने त्याने आपल्या वाटीत घ्यावे. जयसिंगपूर-सांगलीकडच्या भडंगाची सर आणायची असेल तर लसूण आणि तिखट यांत हात आखडू नका.

कोजागरीला गच्चीवर २० जण असतात. मसाला दुधाला करपट वास येतो आणि मसाला तळाशी बसतो. साखरेऐवजी गूळ चालेल का? (वाचक, नागपूर)

२० जणांना प्रत्येकी दीडशे मिली म्हणजे ३ लिटर तयार दूध. त्यासाठी साडेतीन लिटर म्हशीचे किंवा फुल क्रीम दूध घ्या. जाड बुडाचे पातेले आधी पाण्याने विसळा आणि न पुसता त्यात दूध ओता. उकळी येईपर्यंत तळापासून ढवळत राहा, कारण दुधातली प्रथिने तापलेल्या तळावर बसतात आणि तीच करपतात. उकळीनंतर मंद आचेवर ३० ते ४० मिनिटांत दूध हव्या तेवढे आटते. बाजूची साय खरवडून दुधातच मिसळत राहा. तळाला लागल्याची शंका आली तर अजिबात खरवडू नका. वरचे दूध लगेच दुसऱ्या पातेल्यात ओता आणि खालचे सोडून द्या.

मसाला: बदाम ७५ ग्रॅम, पिस्ते ५० ग्रॅम, काजू २५ ग्रॅम मंद आचेवर तीन-चार मिनिटे गरम करून पूर्ण गार करा. २० वेलदोड्यांचे दाणे, पाव जायफळ आणि २ मोठे चमचे साखर घालून मिक्सर दोन-दोन सेकंद फिरवा. सलग फिरवला तर बदामाला तेल सुटून गोळा होतो, साखर ते तेल धरून ठेवते. चारोळी अख्खीच ठेवा. हा मसाला फ्रीजमध्ये महिनाभर टिकतो, म्हणून दसऱ्यालाच करून ठेवला तरी चालेल.

साखर २५० ग्रॅम, दूध आटल्यावर. मसाला आणि कोमट दुधात भिजवलेले केशर शेवटच्या ५ मिनिटांत. लवकर घातला तर मसाला तळाशी बसून करपतो. तरीही थोडा खाली बसणारच. गच्चीवर पेले भरताना प्रत्येक वेळी ओगराळे तळापर्यंत घालून ढवळा. न्यायला थर्मासचा मोठा जग असला की पुन्हा तापवायला खाली यावे लागत नाही.

गुळात आम्लता असते आणि उकळत्या दुधात तो घातला की दूध फाटते. गूळच हवा असेल तर दूध कोमट होऊ द्या आणि थोड्या पाण्यात विरघळवून गाळलेला गार गूळ घाला. पण नंतर ते दूध तापवता येणार नाही. त्यामुळे गच्चीवर गरम दूध हवे असेल तर साखरच बरी.

जर्मनीत चक्का मिळत नाही. मित्रमंडळींच्या दिवाळीला श्रीखंड न्यायचे आहे. (वाचक, श्टुटगार्ट)

तुमच्याकडचा क्वार्क, म्हणजे चक्क्यासारखे मऊ ताजे चीज, चांगला चालतो. पाकिटावर ४० टक्के लिहिलेला घ्या. तो आकडा पाणी वगळून उरणाऱ्या कोरड्या भागातल्या स्निग्धांशाचा असतो. बिनसायीचा मागरक्वार्क स्वस्त असला तरी त्याचे श्रीखंड कोरडे आणि कणीदार होते.

१ किलो क्वार्क कापडात बांधून, चाळणीत, वर वजन ठेवून फ्रीजमध्ये ४ तास. बाहेर टांगू नका, आंबटपणा वाढतो. उरलेल्या चक्क्याच्या निम्म्या वजनाइतकी पिठीसाखर घाला, चव बघून पाऊणपटीपर्यंत न्या. आपल्याकडच्या दह्याच्या चक्क्यापेक्षा क्वार्क कमी आंबट असतो, त्यामुळे समान साखर फार गोड होते. साखर घातल्यावर चक्का सैल होतो, म्हणूनच तो आधी कोरडा करायचा. मिसळून अर्धा तास ठेवा आणि पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा. मिक्सरमध्ये घातले तर ते पातळ होते आणि पुन्हा घट्ट होत नाही. वेलदोडा, केशर आणि चिमूटभर मीठ. आदल्या रात्री केलेले दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागते.

फ्रूट कस्टर्ड कडू झाले आणि रात्रीत पाणी सुटले. सगळी फळे ताजी होती. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

त्यात अननस, किवी किंवा पपई होती का? ही फळे न शिजवलेली असताना त्यांतली पाचक द्रव्ये दुधातली प्रथिने तोडतात, त्यानेच कडवटपणा येतो. अननस हवा असेल तर साखरेत ५ मिनिटे शिजवून किंवा डब्यातला घ्या. सफरचंद, चिकू, द्राक्षे, डाळिंब बिनधास्त घाला. केळे वाढतानाच.

दीड लिटर दुधाला ६ मोठे चमचे सपाट कस्टर्ड पावडर, गार दुधात कालवून. उकळी आल्यावर आणखी २ ते ३ मिनिटे शिजू द्या, नाहीतर पिठूळ चव राहते आणि पाणी सुटते. चाखलेला चमचा पुन्हा पातेल्यात घालू नका. लाळ पिष्ट (स्टार्च) मोडते आणि घट्ट कस्टर्ड रात्रीत पातळ होते. फळे पूर्ण गार कस्टर्डमध्ये, वाढायच्या तासभर आधी.

नारळाच्या वड्या कधी मऊच राहतात, कधी भुगा होतो. (वाचक, रत्नागिरी)

मऊ राहिल्या तर मिश्रण परत कढईत घालून ३-४ मिनिटे आटवा. भुगा झाला तर पाव वाटी दूध घालून पुन्हा गरम करा, साखर विरघळली की एकजीव होते. २ वाट्या खवलेल्या नारळाला सव्वा वाटी साखर आणि अर्धी वाटी दूध घ्या. मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागले आणि कढईच्या कडेला पांढरी साखर दिसू लागली की लगेच थापा. नारळाची तपकिरी पाठ खवू नका, वड्या काळपट दिसतात.

नाताळात घरी येणाऱ्यांसाठी ओव्हनशिवाय, अंड्याशिवाय आणि चार दिवस आधी होईल असे काय? (वाचक, म्हापसा)

चणाडाळीची दोस, म्हणजे गोव्याकडची बर्फीसारखी वडी. पाव किलो डाळ ३ तास भिजवून, बोटाने दबेल इतपत शिजवा, पार गाळ होऊ देऊ नका. पाणी पूर्ण निथळून डाळ आणि एका मध्यम नारळाचे खोबरे शक्य तितके कोरडे, बारीक वाटा. पाणी राहिले की आटवायला दुप्पट वेळ लागतो आणि मिश्रण उडून हात भाजतो. ३०० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून जाड कढईत २५ ते ३० मिनिटे हलवा. शेवटी २ मोठे चमचे तूप आणि वेलदोडा. मिश्रण कडा सोडून एकत्र फिरू लागले की तूप लावलेल्या ताटात अर्धा इंच जाड थापा, काट्याने तिरक्या रेघा ओढा आणि पूर्ण गार झाल्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे करा. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात. वाढण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, तूप सैल झाले की दोस मऊ लागते.

उरलेले किती वेळ बाहेर चालते? (वाचक, सोलापूर)

दूध, दही, ओले खोबरे आणि उकडलेला बटाटा असलेले काहीही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. म्हणून सगळे एकदम मांडू नका. निम्मे टेबलावर, निम्मे फ्रीजमध्ये, संपेल तसे काढा. टेबलावर उरलेली हिरवी चटणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, त्यात उष्टे चमचे गेलेले असतात. न परतलेले कोथिंबीर वडीचे उंडे फ्रीजमध्ये तीन दिवस राहतात. मुलांच्या डब्यात ते कामी येतील.